वीस मिनिटांची शून्यं

आमच्या ऑफिसात एक गृहस्थ रोज सकाळी कॉम्प्युटरसमोर हाताची घडी घालून वीस मिनिटं नुसते बसत, आणि त्यांचा कॉम्प्युटर त्या वीस मिनिटांत शून्यं लिहीत असे. याचा त्यांना पगार मिळे. ती शून्यं बरोबर उमटली की नाही हे तपासायचा पगार मला मिळे, त्यामुळे त्यांना हसायचा मला फारसा अधिकार नव्हता.

सांता क्लाराच्या त्या कंपनीत मी टेस्टर म्हणून लागले तेव्हा पंचवीस वर्षांची होते, पुण्याहून नवी कोरी आले होते. शेजारच्या क्युबिकलमधून फोनवर मराठी ऐकू आलं म्हणून डोकावले आणि तोंडातून सवयीनं 'काका' निघून गेलं. ते तेव्हा चव्वेचाळीस वर्षांचे होते. त्यांनी फोन खाली ठेवला, थोडा विचार केला आणि म्हणाले, "काका म्हण, हरकत नाही. फक्त मीटिंगमध्ये नको. तिथं मी ज्युनिअर आहे."

हे खरं होतं. त्यांच्याहून दहा वर्षांनी लहान माणूस त्यांचा मॅनेजर होता.

आमची कंपनी फाइली उतरवून घ्यायचा प्रोग्रॅम बनवत असे. एखादी मोठी फाइल शंभर लोकांच्या कॉम्प्युटरवर असते. प्रोग्रॅम एकाकडून एक तुकडा, दुसऱ्याकडून दुसरा, असे मागून मागून आणतो. तुकडे वाटेल त्या क्रमानं येतात. शेवटचा आधी येईल, पहिला सगळ्यांत शेवटी. लोक त्यावरून कॉलेजची लेक्चरं उतरवत, फुकटची सॉफ्टवेअरं उतरवत, आणि आणखीही पुष्कळ काय काय उतरवत, ज्याबद्दल कंपनीत कुणी कुणाला विचारत नसे. काकांचं काम एवढंच, की पहिला तुकडा यायच्या आधी डिस्कवर अख्ख्या फाइलीएवढी जागा धरून ठेवायची. जागा धरायची म्हणजे ती शून्यांनी भरायची. चाळीस जीबीची फाइल असेल तर आधी चाळीस जीबी शून्यं. मग तुकडे येतील तसतसे शून्यांना उठवून आपापल्या जागी बसतील. सेटिंग्जमध्ये यासाठी एक छोटी चौकट होती, तिच्यात खूण केली की हे सगळं होई. मी गेले तेव्हा त्या एका चौकटीवर काकांची तीन वर्षं झाली होती.

मोठ्या फाइलीला या शून्यांपायी वीस मिनिटं लागत आणि तोवर स्क्रीनवर काही हलत नसे. लोकांना वाटे प्रोग्रॅम मेला. ते तक्रारीच्या मेल पाठवत, त्यांत शिव्याही असत. बाकीचे इंजिनिअर अशा मेल सपोर्टकडे ढकलून मोकळे होत. काका प्रत्येक मेलला स्वतः उत्तर लिहीत. एक उत्तर मी वाचलं आहे. त्याचा मजकूर असा होता: 'महोदय, आपला प्रोग्रॅम काही करत नाही, हा आपला समज चुकीचा आहे. तो शून्यं लिहितो आहे. कृपया त्याला लिहू द्यावं. आपण आज थांबलात तर शेवटच्या दिवशी डिस्क भरली म्हणून रडावं लागणार नाही.' खाली 'आपला विनम्र' आणि पूर्ण नाव, मधल्या नावासकट. त्या गृहस्थांनी उलट काय लिहिलं ते इथे लिहिण्याजोगं नाही. काकांनी त्यालाही उत्तर दिलं.

स्वतःच्या कॉम्प्युटरवर जागा धरणं चालू असलं की ते उठून जात नसत. फोन घेत नसत, चहा पीत नसत. मी एकदा विचारलं, "काका, तुम्ही बसलात म्हणून ते लवकर होतं का?"

"नाही."

"मग?"

"मी दुसऱ्यांना सांगतो ना, थांबा म्हणून. मग थांबायला सांगून मी काय करून राहिलो ते मलाही माहीत पाहिजे."

ते मूळचे अमरावतीचे, नोकरीनं नागपूरकर झालेले. अमेरिकेत सात वर्षं काढूनही त्यांचं 'करून राहिलो' काही सुटलं नव्हतं, आणि सोडावं असं त्यांना वाटतही नव्हतं. त्यांचा एकच शत्रू होता, आणि तो म्हणजे 'ॲडजस्ट' हा शब्द. कुणी 'थोडं ॲडजस्ट करून घेऊ' म्हटलं की त्यांचा चेहरा पडे. त्यांच्या मते ॲडजस्ट करणारा माणूस आळशी असतो आणि त्याच्या आळसाचं बिल नेहमी दुसऱ्याच्या टेबलावर जातं.

मराठी मंडळाचं नाटक एका शाळेच्या हॉलमध्ये असे, तिथला किस्सा सगळ्यांना माहीत आहे. आपल्या लोकांची पद्धत म्हणजे एकानं आधी जायचं आणि आठ खुर्च्यांवर ओढणी, पर्स, रुमाल, गाडीच्या किल्ल्या असं जे हाती लागेल ते टाकून यायचं. काकांना हे अजिबात मंजूर नव्हतं. रुमाल ही खोटी जागा आहे, असं ते म्हणत. रुमाल कुणीही उचलतो. धरायची तर बसून धरा. त्यांना बायको आणि मुलगी धरून तीन खुर्च्या लागत. म्हणून ते दोन तास आधी हॉलमध्ये जात आणि दर दहा मिनिटांनी एका खुर्चीवरून उठून शेजारच्या खुर्चीवर बसत. आळीपाळीनं तिन्ही. मंडळाच्या सेक्रेटरींनी एकदा काळजीनं विचारलं, "काका, बरं वाटत नाहीये का? डॉक्टर आहेत इथं." काका म्हणाले, "जागा धरून राहिलो." सेक्रेटरी तरीही डॉक्टरांना घेऊन आले.

हे वेड त्यांना लागलं कसं, हे मला एकदाच कळलं, आणि तेही त्यांच्या गाडीत. मी त्यांच्याबरोबर ऑफिसला जात असे. ते हायवेच्या सगळ्यात उजव्या लेनमधून जात, ट्रकांच्या मागून, आणि त्यामुळे बोलायला वेळ भरपूर मिळे. ते अमेरिकेत आले त्या वर्षी धाकट्या बहिणीचं लग्न अमरावतीला झालं. व्हिसाच्या भानगडीत त्यांना जाता आलं नाही. मामेभावानं लग्नाचा व्हिडिओ आपल्या कॉम्प्युटरवर घातला आणि काका इकडून फोनच्या लाइनवर तो तुकड्यातुकड्यानं उतरवून घेऊ लागले. पाच दिवस लागले. काकू आणि मुलगी तेव्हा अजून नागपूरलाच होत्या, आणि दरम्यान काकांच्या रूममेटनं त्याच डिस्कवर कसले कसले गेम घातले. शेवटचे काही तुकडे यायचे राहिले आणि डिस्क भरली. त्या वेळच्या प्रोग्रॅमनं एक छोटासा निरोप दाखवला आणि आलेलं सगळं पुसून टाकलं. तोपर्यंत तिकडे मामेभावानं जागा लागते म्हणून आपल्याकडची फाइल काढून टाकली होती.

"मग तुम्ही लग्न बघितलंच नाही?"

"बघितलं ना. दोन वर्षांनी घरी गेलो तेव्हा कॅसेट लावली. तोवर बहिणीला पोरगा झाला होता. तो सारखा टीव्हीपुढे येऊन राहिला."

एवढं सांगून त्यांनी इंडिकेटर दिला. वळण अजून अर्धा मैल पुढे होतं.

आता त्यांच्या कार्डाबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. काकांचा ग्रीन कार्डाचा अर्ज कंपनीनं केला होता आणि तो वर्षानुवर्षं रांगेत होता. कार्ड आलं असतं तर काकूंना काम करता आलं असतं. काकू नागपूरला शाळेत गणित शिकवायच्या. इथे त्यांचा व्हिसा नवऱ्याच्या पदराला बांधलेला, त्यामुळे आल्यापासून सहा वर्षं त्या घरी बसून होत्या आणि शेजारच्या मुलांची गणितं फुकट सोडवून देत होत्या. मुलगी हायस्कूलमध्ये होती, तिचं कॉलेज इथेच व्हायचं होतं. या सगळ्याला अट एकच होती, की कार्ड हातात येईपर्यंत काकांची नोकरी टिकली पाहिजे. नोकरी गेली की अर्ज गेला, आणि अर्जाबरोबर इथे राहायची परवानगीही गेली.

मधेच सरकारकडून एक प्रश्न आला: या माणसाचं काम इतकं विशेष कसं काय आहे ते लिहून कळवा. कंपनीच्या वकिलांनी दोन पानं लिहून पाठवली. त्यांत काका साठवणुकीच्या अतिशय गुंतागुंतीच्या रचना उभारणारे कुणी महान शिल्पकार होते. काकांनी लाल पेन घेतलं आणि एकेक विशेषण खोडायला सुरुवात केली. शेवटी दोन पानांत एक वाक्य उरलं: हे गृहस्थ शून्यं लिहितात.

"काका, असं पाठवलं तर ते हसतील हो."

"हसू दे. खरं आहे ना?"

"वकिलांनी लिहिलंय तेही काही खोटं नाहीये. फक्त इंग्रजी आहे."

"'अत्यंत' कशाला लिहिलं त्यांनी? मी अत्यंत काय केलं?"

तीन आठवडे हा पत्रव्यवहार चालला. वकिलांनी मला बाजूला घेऊन विचारलं, या माणसाला कार्ड नक्की हवं आहे ना? मी हो म्हणाले. शेवटी 'जागा राखण्याचं काम काळजीपूर्वक करतात' यावर तडजोड झाली, आणि नवल म्हणजे सरकारला ते पटलं. वकील म्हणाले, आता वर्षभरात काम होईल, फक्त तोवर काही घडू देऊ नका.

दोन हजार आठच्या उन्हाळ्याआधी मी काकांच्या चौकटीविरुद्ध एक बग नोंदवला. त्यांनी नवा कोड दिला होता. मी चाळीस जीबीची फाइल लावली, सवयीनं चहा आणायला निघाले, आणि खुर्ची मागे सरकेपर्यंत स्क्रीनवर आलं: जागा धरून झाली. म्हणजे उघडच काही तरी मोडलं होतं. 'जागा धरली जात नाही, अतिगंभीर,' असं लिहून मी काकांना पाठवून दिलं.

काका क्युबिकलच्या भिंतीवरून डोकावले. "बग नाही तो."

"एका क्षणात झालं, काका!"

"हो. तसंच आहे ते."

ऑपरेटिंग सिस्टिमच्या नव्या आवृत्तीत एक सोय आली होती. सिस्टिमला फक्त सांगायचं, एवढी जागा माझी. ती आपल्यापाशी तशी नोंद करते आणि मग ती जागा दुसऱ्या कुणालाही देत नाही. शून्यं लिहायची गरज नाही. काकांनी रुमालाचा हा नवा प्रकार महिनाभर सगळ्या बाजूंनी ओढून पाहिला होता. कुणाला उचलता येत नव्हता. तेव्हा त्यांनी आपल्या पाच वर्षांच्या कोडला दंडवत घातला, तो सगळा काढून टाकला, आणि त्या जागी एक ओळ लिहिली.

मी ती ओळ दोनदा वाचली. त्या ओळीला सांभाळायला माणूस लागणार नव्हता.

"हे तुम्ही कुणाला दाखवलंत?"

"तुला. तू टेस्टर ना?"

"काका, वर्षभर थांबा. कार्ड येऊ दे. मग टाका ना ही ओळ. कोणाला कळणार आहे?"

"लोकं वीस-वीस मिनिटं बसून राहिले तिकडे," ते म्हणाले. "माझ्या कार्डासाठी त्यांनी काहून बसावं?" आणि ते जागेवर जाऊन बसले. त्यांच्या दृष्टीनं विषय संपला होता.

माझ्या दृष्टीनं तो संपला नव्हता, कारण टेस्टरनं पास केल्याशिवाय आमच्याकडे कुठलाही कोड बाहेर जात नसे. मी तो पासच केला नाही. आज डिस्क मिळाली नाही, उद्या मशीन बिघडलं, परवा मला शंका आली. काका दर सोमवारी सकाळी भिंतीवरून विचारत, "झालं का टेस्टिंग?" मी म्हणत असे, "चालू आहे." ते मान हलवून खाली बसत आणि त्यांचा आठवड्याचा रिपोर्ट लिहायला घेत. त्यांना काय ते समजत होतं. मला वाटे, ते रागावले नाहीत म्हणजे मनातून त्यांनाही हे हवंच आहे. मी स्वतःवर फार खूश होते. एका एकट्या मुलीनं एक अख्खं कुटुंब वाचवलं, असं मला गाडीत त्यांच्या शेजारी बसल्याबसल्या वाटत असे.

असे अकरा सोमवार गेले.

मग एका शनिवारी इंडियन स्टोअरमध्ये काकू भेटल्या. कोथिंबिरीची जुडी हातात घेऊन त्या तिची पिवळी पानं बघत होत्या. मुलगी मागे ट्रॉलीला टेकून उभी होती. काकूंनी जुडी ठेवली आणि सरळ म्हणाल्या, "अगं, त्यांचं काहीतरी तुझ्याकडे अडलंय ना? सोडून दे ते."

"काकू, सोडलं तर काय होईल ते माहीत आहे ना तुम्हाला?"

"आहे ना. न सोडल्यानं काय होऊन राहिलं तेही मी रोज बघते. जेवत नाहीत नीट. रविवार आला की आवाज जातो त्यांचा. तुला विचारायचं असते ना सोमवारी, त्याची धास्ती."

"मॉम, कॅन वी गो?" मुलगी म्हणाली.

"दोन मिनिटं थांब गं. तू आमच्यासाठी करतेस ते कळते बाई मला," काकू मला म्हणाल्या. "पण आमच्यासाठी करू नको."

सोमवारी काकांनी विचारायच्या आधी मी कोड पास केला. दोन आठवड्यांनी तो जगभर गेला. कौतुकाचं एकही पत्र आलं नाही. एक तक्रार आली: पूर्वी वीस मिनिटं लागत, आता लगेच होतं, तर तुम्ही ही सोय गुपचूप काढून टाकली आहे का? काकांनी त्याला सविस्तर उत्तर लिहिलं. त्या दिवशी त्यांनी दोन वेळा चहा घेतला.

शरद ऋतूत पैशाची चणचण सुरू झाली आणि आमच्या टीममधली एक जागा कमी करायचं ठरलं. ती काकांची निघाली. मला वाटलं, चौकट संपली म्हणून. निदान तसं असेल तर ते मॅनेजरच्या तोंडून ऐकावं आणि दोन शब्द बोलून बघावे, म्हणून मी आत गेले. मॅनेजर वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, चौकटीचा काही संबंध नाही, दुसरं काम देता आलं असतं. यादीत दोन नावं होती. दुसऱ्याचं काम वेळेवर होतं. "मला तो आवडतो," मॅनेजर म्हणाला, "पण एका ओळीला अकरा आठवडे?" आणि त्यानं स्क्रीन माझ्याकडे वळवली.

काकांचे आठवड्याचे रिपोर्ट होते. ते टेस्टरांना दिसत नसत. अकरा रिपोर्ट, प्रत्येकात तीच ओळ: काम माझ्याकडे अडलेलं आहे, अजून टेस्टिंगला दिलेलं नाही. ज्या माणसाला एक 'अत्यंत' सहन झाला नाही, त्यानं अकरा सोमवार लागोपाठ खोटं लिहिलं होतं. का लिहिलं होतं, हे मला तिथल्या तिथे कळलं. खरं लिहिलं असतं तर माझं नाव लिहावं लागलं असतं.

मी बोलायला हवं होतं. 'ते अकरा आठवडे माझे आहेत,' एवढंच एक वाक्य. माझाही व्हिसा त्याच कंपनीचा होता. मी 'ओके' म्हणाले आणि बाहेर येऊन जागेवर बसले. मला त्याची लाज वाटते. तेव्हा लाज वाटली नाही, फक्त भीती वाटली होती, आणि त्याची आता जास्त लाज वाटते.

ते भारतात परत निघायच्या आदल्या दिवशी दुपारी मी त्यांच्या घरी गेले. हॉलभर खोकी होती. काका जमिनीवर बसून खोक्यांना टेप लावत होते. मी उभ्याउभ्याच विचारलं, "रिपोर्टमध्ये तुम्ही तुमचं नाव का लिहिलंत?"

त्यांनी टेप दातानं तोडली. "'काम कुणाकडे अडलं' हा रकाना रिकामा सोडता येत नाही. सोडला तर फॉर्म पुढे सरकत नाही."

"अडलं माझ्याकडे होतं."

"तू नवी पोरगी. तुझं नाव आलं असतं तर तुला पहिल्याच आठवड्यात काढून टाकलं असतं." मग त्यांचा हात थांबला. त्यांना एकदम काहीतरी सुचलं आणि चेहऱ्यावर खरीखुरी काळजी आली. "तू जाऊन मॅनेजरला काही सांगितलं तर नाही ना?"

"नाही," मी म्हणाले.

त्यांनी इतका मोठा निःश्वास सोडला की आतून काकूंनी विचारलं, काय झालं म्हणून. "अगं, तिनं काही सांगितलं नाही!" काका ओरडून म्हणाले. काकू हात पुसत बाहेर आल्या. "शहाणी गं माझी बाई," त्या म्हणाल्या. "आम्ही दोघं चार दिवस त्याच घोरात होतो. तुझा स्वभाव असा, वाटलं जाऊन बोलशील नि स्वतःचं वाटोळं करून घेशील."

मग त्यांनी बांधलेल्या खोक्यातून एक ताट परत बाहेर काढलं आणि मला जेवायला बसवलं. वरण-भात होता. काका समोर बसून आग्रह करत होते. मी दोनदा भात घेतला. नाही म्हणायला मला तोंड उरलं नव्हतं.